दुधाला डेअरी मिळाली, अंड्याला नाही: सोलापूरकडच्या गावरान अंडी विक्रीची पार्श्वभूमी

आज सोलापूर शहरात कुणी "गावरान अंडी हायत का ओ" असं विचारलं की भाव सरळ पांढऱ्या अंड्याच्या दुप्पट सांगितला जातो आणि गिऱ्हाईक फारशी घासाघीस न करता घेतं पण. त्यामुळं नव्या पिढीला वाटतं की हे अंडं पहिल्यापासूनच भारी होतं. तसं नव्हतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बाजारात हेच अंडं होतं, दुसरं नव्हतंच, आणि ते विकणारीच्या हातात पडायचे ते पैसे अगदीच किरकोळ. हे चित्र उलटं कसं झालं ते बघायला गेलं तर कोंबडीपेक्षा बाजाराचाच इतिहास जास्त बघावा लागतो.

आधी एक हिशोब समजून घ्या, कारण तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते, जास्त नाही. दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, म्हणजे अंग फुगवून बसून राहते, जवळ गेलं की टोचते, खायला सुद्धा उठत नाही. मग घरची बाई तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवते, २१ दिवसांनी पिल्लं निघतात, आणि पुढचे दोन-अडीच महिने कोंबडी पिल्लांमागं फिरते, तोपर्यंत अंडं बंद. घार, मुंगूस, बोका यांचा वाटा गेल्यावर निम्मी पिल्लं जगली तरी नशीब. म्हणजे दारात पाच कोंबड्या असल्या तरी एका वेळी दोन-तीनच अंड्यावर असणार, त्यातली काही उबवायला, काही घरातल्या पोराला, बाळंतिणीला, अचानक आलेल्या पाव्हण्याला, आणि यातून जे उरतं ते विकायचं. आठवड्याला थोडीफार अंडी उरली म्हणजे चांगला काळ म्हणायचा. पाहिजे तेवढा माल काढून विकण्यातला हा प्रकार कधीच नव्हता, उरलेलं विकण्यातला होता, आणि उरलेल्याला भाव समोरचाच ठरवतो.

दुसरी अडचण उन्हाची. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर ठरलेलाच, आणि गावरान अंडं बहुतेक फळलेलं असतं कारण कोंबडा सोबत फिरतोच. अशा अंड्यातला गर्भ पंचवीस-सव्वीस अंशाच्या पुढं हळूहळू वाढायला लागतो, कोंबडी वर बसलेली नसली तरी. थंडीत आठवडाभर आरामात टिकणारं अंडं मे महिन्यात चार दिवसांत बिघडतं. आठवडी बाजार सात दिवसांनी येणार, मग मधल्या दिवसांत करायचं काय, तर अंडी ज्वारीत पुरून ठेवायची. मंगळवेढ्याच्या बाजूला घराघरात मालदांडी ज्वारीची पोती असायची, त्या दाण्यात हात घालून एक-एक अंडं आडवं ठेवायचं, एकमेकाला टेकू द्यायचं नाही, वरून पुन्हा ज्वारी. काहीजणी ओल्या वाळूवर माठ ठेवून त्यात ठेवायच्या. बाजाराच्या दिवशी सकाळी ती काढून पाण्यात सोडून बघायची, बुडालं ते ताजं, उभं राहिलं ते लवकर खपवायचं, तरंगलं ते टाकायचं. जुनं अंडं तरंगतं कारण टरफलातून ओलावा उडून आतली हवेची पोकळी वाढत जाते. हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं पण ही परीक्षा सगळ्यांना पाठ होती.

विकायचं कुणी, तर बाईनंच. कोंबड्या आणि अंडी हा बायकांचा कारभार, शेताचा पैसा मालकाचा आणि अंड्याचा पैसा मालकिणीचा असा अलिखित करारच होता म्हणा. त्यातून मीठ-मिरची, बांगड्या, पोराची पाटी-पेन्सिल, माहेरी जायचं एसटीचं भाडं. ज्यांच्याकडं कोंबडी घ्यायलाही पैसे नसायचे त्या दुसरीची कोंबडी अर्धलीनं सांभाळायच्या, पिल्लं निघाली की निम्मी निम्मी. पंढरपूरच्या पट्ट्यात तर आणखी गंमत, नवरा माळकरी, अंड्याला हात लावणार नाही, घरात शिजू देणार नाही, पण दारातल्या कोंबड्यांकडं मात्र दुर्लक्ष करणार कारण त्या "तिच्या" आहेत. अशा घरांतून तर सगळीच अंडी बाहेर जायची! श्रावणात आणि एकादशीला उठाव पडायचा, आणि गावच्या जत्रेच्या आधी कोंबड्यालाच मागणी यायची, अंड्याला कोण विचारतो मग.

घेणारे दोन. एक तर आठवडी बाजारातलं गिऱ्हाईक. दुसरा म्हणजे सायकलला पाट्या बांधून गावोगाव फिरणारा अंडीवाला, पाटीत भुसा किंवा कडब्याची कुट्टी घालून त्यात अंडी रचायचा, दारातच नगावर घ्यायचा, पैसे रोख नाहीतर बदल्यात काहीबाही सामान. तोच माल शहरात जायचा. आणि सोलापूर शहर हे अंड्याचं गिऱ्हाईक म्हणून जुनं आहे बरं का. रेल्वे १८६० मध्ये आली, १८७७ मध्ये जुनी मिल निघाली, पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा मिला उभ्या राहिल्या, तेलंगणाकडून विणकर समाज येऊन वसला, घराघरात माग लागले, बायका विड्या वळायला लागल्या. पाळीवर जाणारा माणूस, हातात आठवड्याचा पगार, आणि अंडं-मटण खाण्याचं वावडं नसलेल्या वस्त्या. खेड्यातल्या पोत्यात पुरलेल्या अंड्याचा प्रवास बहुतेक इथंच संपायचा. खेड्यातली बाई आणि शहरातला खाणारा यांच्यामध्ये दोन-तीन हात असायचे आणि प्रत्येक हाताला थोडं चिकटायचं, बाईला सगळ्यात कमी.

धंदा का वाढला नाही याचं अजून एक कारण म्हणजे मर. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग भारतात १९२७ च्या सुमारास नोंदला गेला आणि तेव्हापासून त्यानं किती खुराडी रिकामी केली त्याला मोजदाद नाही. सकाळी एक कोंबडी मान वाकडी करून बसलेली दिसली की चार दिवसांत आळीतल्या सगळ्या साफ. उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत लस तयार झाली ती चाळीसच्या दशकात, पण गावापर्यंत पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली, आणि आजही एक गोष्ट आडवी येते ती म्हणजे कुपी साधारण शंभर डोसची असते आणि फोडली की दोन-एक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या बाईनं एकटीनं काय करायचं? आळीतल्या दहा घरांनी एका दिवशी संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली धरून ठेवल्या तरच ते जमतं, आणि ते जमवणं म्हणजे लग्न जमवण्याइतकंच अवघड.

आता पांढरं अंडं. स्वातंत्र्यानंतर सरकारनं कोंबडीपालन मनावर घेतलं, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत देशात सरकारी पोल्ट्री फार्म निघाले, पांढरं अंडं देणाऱ्या व्हाइट लेगहॉर्न जातीचा प्रसार झाला. १९५०-५१ ला अख्ख्या देशात सुमारे १८३ कोटी अंडी व्हायची, माणशी वर्षाला पाचच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक परसातलीच. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज ही पिल्लं पुरवणारी कंपनी काढली, आणि नंतर पुणं हे त्या सगळ्या उद्योगाचं केंद्र झालं. त्याच सुमाराला आपल्याकडं ७२ चा दुष्काळ, माणसं खडी फोडायला, खायला सुकडी आणि मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, घरात दाणा नाही तर कोंबडीपुढं टाकणार काय. एकीकडं पिंजऱ्यातल्या कोंबडीला तयार खाद्य घालून वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी काढायचं तंत्र येत होतं आणि दुसरीकडं परसातली कोंबडी उकिरड्यावर किडे शोधत होती. सोलापूर नेमकं पुणे-हैदराबाद रस्त्यावर, दोन्ही टोकांना मोठ्या पोल्ट्र्या, मग पांढरं अंडं ट्रेमध्ये रचून गाडीनं यायला लागलं, तीस-तीसचे ट्रे, एकसारखी, स्वस्त, बारा महिने. सायकलवाल्याचा धंदा तिथं बसला.

१९८२ मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी स्थापन झाली, तीही पुण्यातूनच चालते. कारण साधं होतं, व्यापारी भाव पाडायचे आणि पोल्ट्रीवाले बुडायचे, म्हणून उत्पादकांनी एकत्र येऊन रोजचा शेकड्याचा भाव स्वतःच जाहीर करायला सुरुवात केली. टीव्हीवरची "संडे हो या मंडे" ही जाहिरात त्यांचीच. पण हा भाव कुणासाठी, तर शेकड्यानं विकणाऱ्यासाठी. डझनभर अंडी घेऊन बाजारात बसलेली बाई त्या हिशोबात कुठंच नव्हती.

आणि इथंच मला दुधाशी तुलना करावीशी वाटते. दोन्ही माल रोजचे, दोन्ही नाशवंत, दोन्ही लहान घरातून निघणारे. १९७० ला ऑपरेशन फ्लड ही दूधवाढीची देशव्यापी योजना सुरू झाली, मग गावोगाव संकलन केंद्र, लिटरभर दूध असलं तरी घेणार, फॅट लावणार, दहा दिवसाला दुधाचा पगार. अंड्यासाठी तसं गावपातळीवरचं जाळं उभं राहिलं नाही. रोज दोन अंडी घेणारी डेअरी कुणी काढली नाही, कारण पोल्ट्रीतून तेच अंडं लाखानं मिळत होतं. नुकसान झालंच. पण दुधाचा पगार आला आणि तो बहुतेक घरांत मालकाच्या नावावर गेला, धार काढणारी बाईच असली तरी, हेही तितकंच खरं. अंडं कुणी संघटित केलं नाही म्हणून अंड्याचा पैसा बाईच्या कनवटीलाच राहिला. सरकारी नजरेतून सुटणं कधीकधी फायद्याचं असतं असं माझं स्पष्ट मत झालंय, पटत नसेल तर सोडा.

भाव उलटला तो नव्वदच्या नंतर हळूहळू. पांढरं अंडं सगळीकडं झाल्यावर शहरातल्या लोकांना जुन्या चवीची आठवण व्हायला लागली, जिमवाले आले, डॉक्टरनं सांगितलं म्हणून घेणारे आले. वजनात बघितलं तर गावरान अंडं मार खातं. अ‍ॅगमार्कच्या, म्हणजे शेतमालाच्या सरकारी प्रतवारीत ३८ ते ४४ ग्रॅमचं अंडं "लहान" धरतात आणि आपली बरीचशी गावरान अंडी तिथंच बसतात. तरी दुप्पट भाव. मग फसवणूकही आलीच, तपकिरी टरफलाचं पोल्ट्रीतलं अंडं गावरान म्हणून खपवायचं. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, त्यावरून ती मोकळी फिरली की पिंजऱ्यात होती ते कळत नाही. आतला बलक गर्द पिवळा असला तरी खात्री नाही, हिरवा पाला खाल्ला की रंग येतो तसा खाद्यात झेंडूचा अर्क घातला तरी येतो. म्हणून तर लोक ओळखीच्या बाईकडूनच घेतात.

सरकारनं परसातल्या कोंबडीलाही हात दिला, नाही असं नाही. बेंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज आणि ग्रामप्रिया या जाती आल्या, रंगीत, गावरानसारख्या दिसणाऱ्या, वर्षाला शंभर-सव्वाशेच्या पुढं अंडी देणाऱ्या. निम्म्या अनुदानावर शंभर पिल्लं, नाहीतर २५ तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, आणि ३ नर अशा योजना पशुसंवर्धन विभागाकडून निघाल्या. बचत गटांनी घेतल्या, काही गावांत चांगल्या चालल्या पण. अडचण अशी की या कोंबड्या खुडूक फारशा होत नाहीत, म्हणूनच अंडी जास्त देतात, पण मग पुढची पिढी घरात तयार होत नाही, पिल्लांसाठी पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात. जड अंगाची असल्यानं घार आली की पळत नाहीत ते वेगळंच. अनुभवी बायका यावर मस्त तोडगा काढतात, गिरिराजची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली घालतात.

मध्ये २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचा बर्ड फ्लू झाला, देशातला पहिला, आणि तिथून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या आपल्या भागातसुद्धा अंड्याला कुणी हात लावेना. २०२० च्या फेब्रुवारीत कोरोनाच्या अफवेनं पुन्हा तेच. दोन्ही वेळेला पोल्ट्रीवाले कर्जात गेले. परसातल्या बाईचं उत्पन्न बंद झालं पण कर्ज नव्हतं, अंडी घरातच खाल्ली. २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्या आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त वाढलेल्या दिसल्या, पोल्ट्रीतल्या मात्र साडेचारच टक्के. आता देशात वर्षाला १४ हजार कोटींच्या वर अंडी होतात, माणशी शंभराच्या थोडं वर. यातला परसाचा वाटा लहानच आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला तेव्हा गावातल्या गावात मागणी तयार होईल असं वाटलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा निधी थांबवला. तसंही दीडशे पोरांच्या शाळेला एका दिवशी दीडशे अंडी गावातून गोळा करून देणं सोपं नव्हतंच. कायद्याचं म्हणाल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शेतकऱ्याच्या स्वतःच्या उत्पादनाला बाहेर ठेवलंय, ताज्या अंड्यावर जीएसटी नाही. तिथं काही अडत नाही.

अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. आता गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतं, गावातून शहरात कॉलेजला जाणारं पोरगं डबा घेऊन जातं, आणि पैसे फोनवर येतात. फोन पोराचा नाहीतर नवऱ्याचा, खातं पण त्याचंच. आजवर मोजले न गेलेले पैसे आता स्क्रीनवर दिसायला लागलेत आणि घरात विचारणा होते, एवढे आले कुठं गेले. म्हणून बऱ्याचजणी गिऱ्हाइकाला सरळ सांगतात, रोख असतील तर अंडी, नाहीतर पुढच्या बाजाराला या. काहींनी आपल्या नावाचं खातं काढून स्वतःचा क्यूआर कोड घेतलाय, डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला.