दंडातली सुई आणि जखमेतली सुई

इंदूरच्या रामबागेत काय किंवा सुदामा नगरात काय, रात्री स्कूटरमागे कुत्रं लागणं नवलाचं नाही. ते चावलं की घरातलं कुणीतरी तिखटाचा डबा काढतं, कुणी चुना. यातलं काहीही जखमेत भरू नका. नळाखाली साबणाने जखम 15 मिनिटं धुवा, घड्याळ बघून. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं. ते साबणाने विरघळलं की विषाणू निकामी होतो. तिखटाने फक्त जखम चिघळते. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. पट्टी नको, टाकेही शक्यतो नकोत.

मग लस. ‘पोटात 14 इंजेक्शनं’ ही भीती अजून ऐकू येते, पण ती जुनी लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता सरकारी रुग्णालयात बहुधा कातडीत देतात: दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिली, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य. म्हणजे सोमवारी सुरुवात केली तर पुढची गुरुवारी, मग पुन्हा सोमवारी. सुई बरोबर बसली की मोसंबीच्या सालीसारखा फुगवटा येतो. तो आला नाही तर लस खोल गेली. शेजारी पुन्हा टोचावी लागते. स्नायूत घ्यायची असेल तर 0, 3, 7, 14, 28 असे पाच डोस, दंडात. लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही.

खरी चूक पुढे होते. लसीने शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला रोखणारे घटक, तयार व्हायला 7 ते 14 दिवस जातात. दात कातडीतून आरपार गेला असेल, रक्त आलं असेल, किंवा लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल, तर तोवर थांबणं धोक्याचं. अशा वेळी तयार प्रतिपिंडांचं सिरम थेट जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. घोड्यापासूनचं सिरम किलोमागे 40 युनिट, मानवी 20. 60 किलोच्या माणसाला घोड्याचं 2400 युनिट, म्हणजे 300 युनिट प्रति मिलीच्या बाटलीतून 8 मिली. जखमा जास्त असतील तर सलाइन मिसळून पुरवतात. डोस वाढवत नाहीत, कारण जादा सिरम लसीचा परिणाम दाबतं. बोटावर टोचताना फार दुखतं, म्हणून लोक दंडातली सुई घेऊन निघतात. इंदूरच्या लाल अस्पतालात जा की एमवाय या सरकारी रुग्णालयात, “सीरम लगेगा क्या?” हे स्वतः विचारा. पहिल्या दिवशी राहून गेलं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत घेता येतं.

कुत्रं पाळीव असो, त्याला लस दिलेली असो, आपली लस थांबवायची नाही. कुत्रं किंवा मांजर 10 दिवस ठणठणीत राहिलं, तरच उरलेले डोस डॉक्टरांना विचारून सोडता येतात. माकड, मुंगसाला हा नियम लागू नाही.

लसीचा पूर्ण कोर्स आधी झालेला असेल तर पुन्हा चावल्यावर 0 आणि 3 व्या दिवशी दोनच डोस पुरतात, सिरम लागत नाही. त्यासाठी लसीचं जुनं कार्ड दाखवावं लागतं.