फिलिपो इन्झागी

फिलिपो इन्झागी (जन्म : ९ ऑगस्ट १९७३, पिआचेन्झा) हा इटलीचा निवृत्त फुटबॉल आघाडीपटू आणि नंतरचा प्रशिक्षक. चाहत्यांचा ‘पिप्पो’. लांबून सणसणीत फटके मारणे किंवा तीन-चार जणांना चकवत पुढे जाणे हा त्याचा प्रांतच नव्हता. शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहायचा आणि पास सुटताक्षणी धूम ठोकायचा. पास सुटण्याआधीच शेवटच्या बचावपटूच्या पुढे गेलेला खेळाडू ऑफसाइड ठरतो; साहजिकच लाइनमनचे (रेषेवरच्या पंचाचे) निशाण त्याच्यासाठी सारखे वर जाई. तो जन्मलाच ऑफसाइडमध्ये, हा मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या नावावर खपणारा टोमणा त्यातूनच आला. पण एखाद्या वेळी तो सुटला, की गोल ठरलेला.

पिआचेन्झा आणि पार्माकडून खेळून तो अटालांटा या इटालियन क्लबात आला. तिथे १९९६-९७ मध्ये २४ गोल करून तो सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. मग युव्हेंटसकडून १९९८ चे लीग विजेतेपद मिळाले. २००१ पासून निवृत्तीपर्यंत तो एसी मिलानचाच राहिला. २००३ ची चॅम्पियन्स लीग (युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकल्यावर मात्र गुडघ्याच्या दुखण्याने त्याचा बराच काळ खाल्ला.

२३ मे २००७, अथेन्स. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर लिव्हरपूल. सहकारी पिर्लोची फ्री किक इन्झागीच्या अंगाला लागून जाळ्यात गेली. तो गोल नशिबाचा म्हणणाऱ्यांना ८२ व्या मिनिटाला उत्तर मिळाले : संघसहकारी काकाचा पास, अचूक वेळी घेतलेली धाव, गोलरक्षक रेनाला वळसा आणि गोल. मिलान २-१ ने जिंकले. त्याच वर्षी क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही त्याने अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सवर दोन गोल चढवले.

इटलीसाठी त्याने ५७ सामन्यांत २५ गोल केले. २००६ च्या विजेत्या विश्वचषक संघात तो होता, पण खेळला एकच सामना, चेक प्रजासत्ताकाविरुद्ध, तोही बदली म्हणून. त्यात तो एकटा सुटला; शेजारी बारोने हा सहकारी पासची वाट पाहत धावत होता. इन्झागीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. गोलरक्षक पेत्र चेकला चुकवून गोल स्वतःच केला. गोलची ही हाव हाच त्याचा खरा गुण.

मे २०१२ मध्ये मिलानकडून शेवटचा सामना नोव्हाराविरुद्ध खेळतानाही बदली म्हणून येऊन त्याने विजयी गोल केला. प्रशिक्षक म्हणून मिलानमधला पहिला हंगाम (२०१४-१५) फिका गेला. धाकटा भाऊ सिमोने लाझिओ आणि इंटरमध्ये नाव कमावत असताना फिलिपो बहुधा खालच्या विभागांतच रमला. व्हेनेझिया आणि बेनेव्हेंतो यांना त्याने वरच्या विभागात नेले आणि २०२५ मध्ये पिसाला ३४ वर्षांनी सेरी आमध्ये परत आणले.