स्लो कुकरमधली दालचिनी-सफरचंदं: हे सगळं आलं कुठून?

ऑक्टोबर उजाडला की इथे न्यू जर्सीत ओळखीच्या झाडून सगळ्या मराठी घरांत एकच रडगाणं सुरू होतं, सफरचंदांचं करायचं काय. पोरांना घेऊन ॲपल पिकिंगला जायचं, बागेत पिशवीचे पैसे भरायचे, पैसे भरलेत म्हणजे वसूल झालेच पाहिजेत म्हणून पिशवी शिगोशीग भरायची, घरी आल्यावर दोन दिवस कौतुकाने खायची आणि तिसऱ्या दिवसापासून उरलेली सात-आठ किलो फळं टेबलावरून आपल्याकडे बघत बसतात. मग कोणीतरी सांगतं, अगं स्लो कुकरमध्ये (म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) टाक, दालचिनी घाल, थोडी ब्राउन शुगर, लिंबू पिळ, झाकण लाव आणि विसरून जा. तीन-चार तासांनी जिन्यापर्यंत वास जातो.

मला कित्येक वर्षं वाटायचं की ही अमेरिकन आज्या-पणज्यांपासून चालत आलेली रेसिपी असणार, दिसतेच तशी. शोधायला बसले तर भलतंच निघालं. सफरचंद मध्य आशियातलं, दालचिनी आपल्या शेजारच्या श्रीलंकेतली (बरणीत असते ती बहुतेक वेळा तीही नाही, ते पुढे सांगते), आणि ते भांडं निघालं लिथुएनियातल्या बेकरीच्या भट्टीतून, जिथे सफरचंदाचा काडीचा संबंध नव्हता. भांड्यापासूनच सुरू करते, मला ती गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. पण शनिवारी दुपारी पोटात काहीतरी गरम तर जायला हवं ना. त्यावरचा तोडगा म्हणजे चोलंट. मांस, राजम्यासारखे बीन्स, बटाटे, बार्ली असं सगळं एका भांड्यात भरायचं आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ते भांडं गावच्या बेकरीत नेऊन द्यायचं. भट्टी आता शनिवार सरेपर्यंत बंद, पण विटांची भट्टी काही लगेच गार होत नाही, ती रात्रभर हळूहळू निवत राहते आणि त्या उरलेल्या धगीवर चोलंट आपोआप शिजत राहतं. शनिवारी जाऊन आपलं भांडं घेऊन यायचं, पेटवलं काहीच नाही आणि जेवण गरम. आपल्याकडे चुलीच्या वैलावर दूध ठेवून द्यायचे तसलाच हिशोब, फक्त इथे अख्ख्या गल्लीचा मिळून एक वैल.

व्हिल्नामध्ये, म्हणजे आजच्या व्हिल्निअसमध्ये, लहानपणी असं भांडं घेऊन बेकरीत जाणारी एक मुलगी पुढे अमेरिकेत आली, तिचं नाव तमारा. तिचा मुलगा आयर्व्हिंग नाखुमसोन, जन्म १९०२, आणि जन्मगाव कोणतं, तर जर्सी सिटी! म्हणजे आज जिथे सकाळी न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर निम्मी आपलीच माणसं उभी असतात तेच. पुढे तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन शिकागोला गेला आणि एकामागून एक पेटंट घेत सुटला. रस्त्यावर इमारतींवर दिव्यांची सरकती अक्षरं दिसतात ना बातम्यांची, तसल्या पाटीचंही एक पेटंट त्याचं आहे. आईची ती बेकरीची गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली आणि १९३६ साली त्याने एका विजेच्या भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते पेटंट मिळालं १९४० च्या जानेवारीत. कल्पना अशी की हीटर नुसता बुडाशी न ठेवता भांड्याच्या चहूबाजूंनी फिरवायचा, म्हणजे भट्टीसारखी सगळीकडून धग लागते आणि तळाला करपत नाही. हे सगळं उन्हाळ्यात ओव्हन लावून घर तापवायला नको म्हणूनही होतं असं घरचे लोक सांगतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वाटणारं आडनाव नको म्हणून नाखुमसोनचं त्याने नॅक्सन करून टाकलं, आणि भांड्याचं नाव पडलं नॅक्सन बीनरी. नावातच बीन्स आहेत बघा, ते भांडं बीन्स शिजवण्यासाठीच विकलं जायचं आणि फार काही गाजलं नाही.

१९७० मध्ये नॅक्सनने रिटायर होताना आपला धंदा कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. रायव्हलवाले तोवर ज्युसर वगैरे बनवायचे. त्या खरेदीत हे बीन्सचं भांडं एका कोपऱ्यात पडून होतं, कुणाचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. मग कंपनीच्या टेस्ट किचनमध्ये त्यात बीन्स सोडून बाकी काय काय होतं ते करून बघितलं, तर बरंच काही होत होतं. रूपडं बदलून, क्रॉक-पॉट असं नवीन बारसं करून १९७१ साली शिकागोच्या घरगुती सामानाच्या प्रदर्शनात ते मांडलं. पहिल्या वर्षी विक्री २० लाख डॉलर्स, आणि १९७५ मध्ये ९ कोटी ३० लाख. चार वर्षांत!

याचं श्रेय एकट्या भांड्याला देऊ नये असं मला वाटतं, वेळ जुळून आली. त्याच काळात अमेरिकन बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या, संध्याकाळी सहाला दमून आल्यावर ओट्यासमोर उभं राहायचं त्राण कोणाला असतंय, आणि घरातल्या बाकीच्या मंडळींनी कांदा चिरायला घेतला होता अशातला भाग नाही. तेवढ्यात १९७३ चं तेलाचं संकट आलं, लाइटचं बिल दिसायला लागलं, आणि हे भांडं चालायचं एक-दोन बल्बांच्या विजेवर. जाहिरातींचा सूरही तोच, बाई बाहेर आणि स्वयंपाक घरी चालू. रंग म्हणाल तर त्या काळातले टिपिकल, पिकल्या गव्हासारखा पिवळा आणि अव्होकाडोचा हिरवा. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये आतलं मातीचं भांडं बाहेर निघायचंच नाही, म्हणजे धुताना अख्खं धूड सिंकवर तिरकं धरायचं आणि वायरला पाणी लागू द्यायचं नाही. १९७४ मध्ये भांडं सुटं झालं आणि खरी सोय तेव्हा झाली.

आता सफरचंद. त्याचा मूळपुरुष आजही तिएन शानच्या डोंगरांत, कझाकस्तानच्या बाजूला जंगली वाढतो. अल्माटी शहराच्या नावातच सफरचंद आहे. निकोलाय वाव्हिलोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ १९२९ मध्ये तिथे गेला तेव्हा डोंगरउतारांवर रानटी सफरचंदांची गर्दी बघून त्याने ओळखलं की या फळाचं माहेर हेच. तिथून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ते पश्चिमेला गेलं, युरोपभर झालं, आणि अमेरिकेत वसाहतवाल्यांबरोबर पोचलं. अमेरिकेचं स्वतःचं म्हणजे फक्त बारकी आंबट क्रॅबॲपल्स.

मजा अशी की सुरुवातीची बरीचशी अमेरिकन सफरचंदं खायची नव्हतीच, प्यायची होती. सफरचंदाची बी लावली की झाड आईसारखं येत नाही, कलमच करावं लागतं, बीपासून आलेलं फळ बहुतेकदा आंबटढ्ढाण निघतं. जॉनी ॲपलसीड म्हणून ज्याच्या गोष्टी इथल्या पोरांना शाळेत सांगतात तो जॉन चॅपमन (१७७४ ते १८४५) हा बियाच वाटत-लावत फिरला, त्यामुळे त्याच्या बागांतली फळं मुख्यतः सायडरच्या (सफरचंदाच्या रसाच्या) कामाची, आणि तो सायडर म्हणजे चांगला चढणारा. शाळेत हा भाग गाळतात, साहजिक आहे.

जी फळं खायला उरायची ती हिवाळाभर टिकवायची कशी हा प्रश्न होता. चकत्या करून सुकवायच्या, तळघरात पेंढ्यात ठेवायच्या, किंवा मग ॲपल बटर करायचं. नावात बटर असलं तरी त्यात लोणी नसतं. पेन्सिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे शेतकरी शरदात अंगणात तांब्याची मोठी काहील चढवायचे, त्यात सायडर आटवत सफरचंदं घालायची आणि लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने दिवसभर ढवळत राहायचं, आळीपाळीने, सगळी आळी. आपल्या गुऱ्हाळासारखंच, फक्त पोरांना रसाऐवजी सायडर. शेवटी दालचिनी, लवंग पडायची आणि काळसर घट्ट गर तयार. आणि दक्षिणेकडे टेनेसी-कॅरोलायनात फ्राइड ॲपल्स, लोखंडी तव्यात लोणी नाहीतर बेकनची चरबी, फोडी, साखर, दालचिनी, सकाळच्या नाश्त्याला बिस्किटांबरोबर (इथलं बिस्किट म्हणजे मऊ पावासारखं). स्लो कुकरमधली आपली सफरचंदं म्हणजे या दोघांचं मूल आहे असं मला वाटतं, चव फ्राइड ॲपल्सची आणि पद्धत काहिलीची, फक्त ढवळणारं कोणी नाही.

दालचिनी मात्र यात आधीपासून होती असं सरळ म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या एका राजवाड्यातल्या पाककृतींमध्ये सफरचंदाचा टार्ट आहे, त्यात अंजीर, मनुका, नाशपाती, केशर आणि 'चांगले मसाले' असं लिहिलंय, कुठले ते नाही. तेव्हा दालचिनी म्हणजे श्रीमंतीचं काम. त्याच्याही आधी अरब व्यापारी ग्रीकांना सांगायचे की मोठाले पक्षी दालचिनीच्या काड्या आणून कड्यावर घरटी बांधतात, खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवायचे, पक्षी ते उचलून वर नेतात, वजनाने घरटं कोसळतं आणि मग काड्या गोळा करायच्या. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने हे लिहून ठेवलंय. पुढे रोमन प्लिनीने स्पष्ट म्हटलं की भाव चढवायला रचलेल्या थापा आहेत या.

मग १५०५ मध्ये पोर्तुगीज श्रीलंकेला लागले, दालचिनीसाठी तिथे ठाण मांडून बसले, १६५६ मध्ये डचांनी त्यांच्याकडून कोलंबो घेतलं आणि १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांकडून. एका झाडाच्या सालीपायी तीन मालक. डचांनी अठराव्या शतकात जंगलातून साल काढण्याऐवजी रीतसर लागवड सुरू केली, नंतर इतर ठिकाणीही लागवड झाली, माल वाढला, भाव उतरला आणि दालचिनी साध्या माणसाच्या ॲपल पायपर्यंत पोचली. 'दालचिनी' हा शब्द मूळ फारसी, दार-चीनी, म्हणजे चीनचं लाकूड, आणि गंमत म्हणजे इथे अमेरिकेत सिनॅमन म्हणून जी बरणी मिळते त्यात बहुतेक वेळा चीन-इंडोनेशियाकडचं कॅशियाच, म्हणजे दालचिनीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाची साल असते, लंकेची पातळ पदरापदराची सुरळी नाही. कॅशिया जाड, तिखट, झणका मारणारं. चार तास शिजणाऱ्या सफरचंदांना मला तेच बरं वाटतं, लंकेची नाजूक दालचिनी त्यात हरवून जाते. शुद्धतावाल्यांनी माफ करावं.

आता मंद आचेचा इथे उपयोग काय, तर मी आधी समजायची की 'लो' म्हणजे कमी टेंपरेचर आणि 'हाय' म्हणजे जास्त. तसं नसतं. बहुतेक स्लो कुकर दोन्हीवर शेवटी उकळीच्या जरा खालीच येऊन थांबतात, 'लो'वर तिथे पोचायला सात-आठ तास लागतात आणि 'हाय'वर तीन-चार, एवढाच फरक. म्हणजे 'लो'वर तीन तास ठेवलेली सफरचंदं बराच वेळ साधारण ६० ते ७० डिग्रीच्या पट्ट्यातून जातात, आणि त्या पट्ट्यात फळातलं एक एन्झाइम पेक्टिनला, म्हणजे फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पदार्थाला, असं काही आवळून टाकतं की पुढे जास्त गरम झालं तरी फोड लवकर विरघळत नाही. फोड मऊ होते पण फोडच राहते. आणि पाणी अजिबात घालायचं नाही, सफरचंदात ८५ टक्के पाणीच असतं, झाकणाला वाफ धरते, थेंब परत खाली पडतात आणि तासाभरात तळाला तपकिरी पाक दिसायला लागतो. मी पहिल्यांदा कपभर पाणी घातलं होतं, सूप झालं.

दुसरी माझी चूक सफरचंदाची. घरी आपण लाल, चकचकीत, खाली पाच उंचवटे असलेलं सफरचंद म्हणजेच खरं सफरचंद मानत मोठे झालो, ते रेड डेलिशस, आयोवातल्या जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत उगवलेलं. ते भारतात आलं तेही अमेरिकेतूनच. सॅम्युअल स्टोक्स नावाचा फिलाडेल्फियाचा माणूस १९०४ मध्ये भारतात आला, शिमल्याच्या वर कोटगढला राहिला, १९१६ च्या सुमारास त्याने या जातीची रोपं तिथे लावली, पुढे हिंदू होऊन सत्यानंद स्टोक्स झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. आपल्या मार्केटमध्ये हिमाचलच्या पेट्या येतात त्यांची सुरुवात ही अशी. त्यामुळे इथेही मी डोळे मिटून तेच घेतलं आणि तीन तासांनी झाकण उघडलं तर आजारी माणसाला भरवायचा गर! याला हवं ग्रॅनी स्मिथ, ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या अंगणात १८६८ च्या सुमारास आपोआप उगवलेलं, हिरवं, घट्ट, आंबट. किंवा मिनेसोटा युनिव्हर्सिटीने १९९१ मध्ये आणलेलं हनीक्रिस्प, पण ते महाग, शिजवायला जिवावर येतं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, किती शिट्ट्या? आपल्याकडे १९५९ मध्ये हॉकिन्स आलं तेव्हापासून गाडी उलट दिशेला गेली ना, गॅस वाचवायचा म्हणजे लवकर शिजवायचं. मंद शिजवणारं भांडं आपल्याकडेही होऊन गेलंय, बंगालच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० मध्ये काढलेला इकमिक कुकर, खाली कोळशाची शेगडी आणि वर डब्यांची चळत, भात-डाळ-भाजी एकदम. पण शिट्टीपुढे तो काही टिकला नाही.

इथे मात्र आमच्या दिवाळी पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा तसलं जेवण) हे भांडं दरवर्षी येतं. ओव्हनमध्ये कोणाचं तरी काहीतरी असतं, चारही बर्नर अडलेले, म्हणून ते कोपऱ्यातल्या प्लगपाशी 'वॉर्म'वर बसलेलं असतं, श्रीखंडाच्या शेजारी. पोरं आइस्क्रीमवर घेतात, काही जण पुरीशी खातात, आणि एक काका दरवर्षी मुरांबा समजून दोन वाट्या संपवतात आणि वेलदोडा कमी पडलाय म्हणतात.