माग काढायचा की वेचायचं? हॅलोवीनला घरात खेळायचे दोन खेळ

31 ऑक्टोबरला हॅलोवीन, त्या दिवशी मुलं भुताखेतांचे पोशाख घालून दारोदार खाऊ मागत फिरतात. ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो : "31 तारखेला पाऊस दाखवतोय. मुलांसाठी घरातच ट्रेझर हंट ठेवूया का?" लगेच सगळ्यांचे होकार येतात. पण प्रत्येकीच्या डोक्यात वेगळा खेळ असतो. एकीला वाटतं, मुलं चिठ्ठीमागून चिठ्ठी सोडवत शेवटी खाऊच्या पेटीपाशी पोचणार. दुसरीला वाटतं, घरभर लपवलेली कागदी वटवाघळं मुलं शोधून टोपलीत गोळा करणार. यातला पहिला ट्रेझर हंट, दुसरा स्कॅव्हेंजर हंट. आपण दोन्हींना सरसकट 'खजिना शोध' म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

खरं तर हा फरक सांगायला मराठीत दोन नेमकी क्रियापदं आहेत. ट्रेझर हंटमध्ये माग काढायचा असतो, स्कॅव्हेंजर हंटमध्ये वेचायचं असतं. माग काढताना एका खुणेवरून पुढची खूण कळते. मधली एक हरवली की माग तुटला. प्राजक्ताचा सडा वेचताना कुठलं फूल आधी उचललं याला काही अर्थ नसतो, परडी भरली की झालं. स्कॅव्हेंजर या शब्दाच्या मुळाशीही गोळा करणंच आहे. जुन्या लंडनमध्ये परक्या व्यापाऱ्यांच्या मालावर कर गोळा करणाऱ्या अंमलदाराला जवळपास याच नावाने ओळखत. पुढे रस्ते झाडून घेण्याचं कामही त्याच्याकडे आलं. हा खेळ अमेरिकेत गाजला तो 1930च्या दशकात, न्यूयॉर्कच्या श्रीमंतांना मेजवान्या देणाऱ्या एल्सा मॅक्सवेल यांच्यामुळे. पाहुण्यांच्या हातात चित्रविचित्र वस्तूंची यादी द्यायची आणि त्यांना शहरभर पिटाळायचं, असा तो प्रकार होता.

इथे घरातल्या खेळाची तयारी ठेवावीच लागते. 2011 साली 29 ऑक्टोबरलाच जोरदार बर्फ पडला, झाडं कोसळली, वीज गेली आणि कित्येक गावांनी मुलांचं दारोदार फिरणं रद्द केलं किंवा पुढे ढकललं. पुढच्या वर्षी सँडी वादळ आलं, तेव्हा गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी आदेश काढून राज्यातला हॅलोवीनच 5 नोव्हेंबरवर नेला. पोशाख घालून तयार बसलेल्या मुलाला "पुढच्या आठवड्यात" असं सांगून बघा, म्हणजे घरातल्या खेळाचं मोल कळेल.

या दोन खेळांतला फरक मला पहिल्याच वर्षी कळला. चार ते दहा वर्षांची नऊ मुलं घरी जमली होती आणि मी हौसेने आठ चिठ्ठ्यांचा माग लावला होता. मोठी मुलं दुसऱ्या चिठ्ठीवर डोकं खाजवत होती, तेवढ्यात मधमाशीच्या पोशाखातली चार वर्षांची एक मुलगी सोफ्यावर उड्या मारायला लागली. उशी सरकली आणि सहावी चिठ्ठी तिच्या हातात आली. "मावशी, मला सापडली!" म्हणत ती नाचत माझ्याकडे आली. मोठी मुलं ओरडली, "खेळ बिघडवलास!" तिचा चेहरा क्षणात पडला. तिची काहीच चूक नव्हती. दिसलेली वस्तू उचलणं हा तिच्या वयाचा खेळ, आणि तो ती मन लावून खेळली होती. मी तिला चुकीच्या खेळात उभं केलं होतं.

म्हणून आधी वयं बघा. ज्यांना वाचता येतं आणि "याचा अर्थ काय असेल?" यात मजा येते, त्यांच्यासाठी माग. साधारण सात वर्षांच्या पुढे तो रंगतो. त्याहून लहानांना वेचू द्या. संख्याही बघा. मागात एका वेळी सगळ्या मुलांचं लक्ष एकाच जागेवर असतं. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये दहा मुलं एका शू रॅकवर तुटून पडली, की सगळ्यात धीट मूल चिठ्ठी पटकावतं आणि बाकीची नुसती त्याच्यामागे धावतात. वेचण्यात मुलं आपोआप घरभर पांगतात.

माग लावणं मात्र कौशल्याचं काम आहे. बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. समजा, फ्रिजसाठी हे कोडं लिहिलं :

दार उघडता दिवा लागतो,
दार लावता काळोख दाटतो,
बाहेर असो ऊन वा पाऊस,
पोटात माझ्या हिवाळा साठतो.

कोडं फ्रिजचं, म्हणून घाईत ते फ्रिजमध्येच ठेवलं जातं. मग फ्रिज उघडणाऱ्या मुलाला फ्रिजचंच कोडं मिळतं आणि माग तिथेच गोल फिरतो. फ्रिजचं कोडं फ्रिजच्या आधीच्या जागी हवं. पहिलं कोडं मुलांच्या हातात द्यायचं आणि खाऊच्या पेटीपाशी चिठ्ठीच नसते. मी प्रत्येक चिठ्ठीमागे पेन्सिलीने दोन अक्षरं लिहिते : 'उ' म्हणजे उत्तर काय, 'ठे' म्हणजे ठेवायची कुठे. ही दोन कधीच सारखी येता कामा नयेत. शिवाय लिहायला शेवटून सुरुवात करते. आधी पेटीची जागा ठरवायची आणि मग एकेक पाऊल मागे यायचं. सगळ्या जागांची एक यादी खिशात ठेवायची, कारण आदल्या रात्री लपवलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाही आठवत नाही.

चपलांच्या रॅकसाठी केलेलं माझं एक आवडतं कोडं आहे : 'जीभ आहे, बोलत नाही, नाडी आहे, वैद्य पाहत नाही.' बुटाला जीभही असते आणि नाडीही. इथे वाढणाऱ्या मुलांना नाडीचा एकच अर्थ माहीत असतो, म्हणून आजीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. आजीने मनगट दाखवलं, मुलीने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून ठोका मोजला आणि पुढच्या क्षणी ती दाराकडे पळाली. मराठी शाळेच्या कितीतरी रविवारी जे जमत नाही, ते त्या अर्ध्या मिनिटात झालं.

मुलं सहाच्या वर असतील तर दोन गट करा, नारिंगी आणि जांभळा. जागा त्याच सहा, पण नारिंगी गट पहिल्या जागेपासून निघेल आणि जांभळा चौथ्यापासून. दोघांचीही शेवटची चिठ्ठी पेटीकडे नेईल. प्रत्येक जागी दोन रंगांच्या दोन चिठ्ठ्या, आणि नियम एकच : दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही. सहा कोड्यांना आमच्याकडे अर्धा तास लागतो. त्याहून लांबवलं तर लक्ष उडतं.

वेचण्याच्या खेळाची मांडणी सोपी आहे. प्रत्येक मुलाला एक रंग आणि त्या रंगाची आठ वटवाघळं. रंग वेगळे नसतील तर चपळ मूल तीस गोळा करतं आणि बुजरं मूल दोन. मग रडारड होते. लहानांची वटवाघळं त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर, अर्धी बाहेर डोकावणारी. मोठ्यांची खुर्चीच्या बैठकीखाली, लॅम्पशेडच्या आत. काही न लपवताही हा खेळ होतो. यादी द्यायची : काहीतरी काळं, काहीतरी आठ पायांचं, काहीतरी करकरणारं. वाचता न येणाऱ्यांसाठी यादीत चित्रं काढायची.

सुरक्षिततेतही दोन्ही खेळ वेगळे वागतात, आणि याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. मागात मुलं तुमची चिठ्ठी नेईल तिथेच जातात. त्यामुळे चिठ्ठीची जागा निवडताना विचार केला, की बरंचसं काम झालं. ओव्हनमध्ये काही ठेवू नका. वॉशर-ड्रायरचं कोडं असेल तर चिठ्ठी बाहेरून दारावर चिकटवा, आत नको. लहान मूल आत शिरू शकतं. वेचताना मात्र मुलं प्रत्येक कपाट आणि प्रत्येक ड्रॉवर उघडून बघतात. सिंकखालची साफसफाईची द्रव्यं, बाथरूममधली औषधं, बेसमेंटमधला फर्नेस, सगळं त्यांच्या वाटेत येतं. म्हणून बंद ठेवायच्या दारांवर आधीच लाल टेप लावा आणि खेळाआधी प्रत्येक मुलाला ती बोटाने दाखवायला लावा.

दिवे पूर्ण मालवू नका, जिन्यावर तर उजेड हवाच. भोपळ्यात मेणबत्ती नको. पोशाखांचं कापड चटकन पेट घेतं. बॅटरीचे छोटे दिवे वापराल तर त्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघा. आतली बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर अन्ननलिका भाजते. 2022 साली अमेरिकेत यासाठी स्वतंत्र कायदा झाला, पण घरात जुने दिवे असतातच.

खाऊचंही तसंच. मागाच्या शेवटी सगळ्यांची एकच पेटी असते. त्यात शेंगदाण्याचं एक चॉकलेट असलं तरी ॲलर्जी असलेल्या मुलाला मागे सरावं लागतं. वेचण्यात मुलं फक्त वटवाघळं आणतात आणि शेवटी ती देऊन ज्याला जे चालतं ते घेतात. इथे दारात निळसर-हिरवा भोपळा दिसला, तर त्या घरी खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिली अशा वस्तूही मिळतात हे मुलांना माहीत असतं. ॲलर्जीवर काम करणाऱ्या 'फेअर' या संस्थेने ही पद्धत 2014 साली देशभर नेली. मी पेटीतही हल्ली तेच भरते.

2024 साली नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरलाच होती. सकाळी उटणं आणि फराळ, संध्याकाळी तीच मुलं चेटकिणी आणि सांगाडे. त्या वर्षी मी दोन्ही खेळ एकत्र केले. घराच्या नकाशाचे आठ तुकडे करून एकेक तुकडा लहान मुलांच्या वटवाघळांच्या पाठीवर चिकटवला. लहानांनी वेचायचं, मोठ्यांनी कोडी सोडवायची. मोठ्यांचा माग शेवटच्या चिठ्ठीवर येऊन थांबला : 'पुढची वाट वटवाघळांना ठाऊक.' मग सगळी मुलं जमिनीवर बसून तुकडे जुळवायला लागली. एक तुकडा कमी पडत होता. तो मधमाशीच्या टोपलीच्या तळाशी होता. ती आता मोठी झाली होती, पोशाखही मांजरीचा होता, पण आम्ही तिला अजून मधमाशीच म्हणतो. तिने तो तुकडा दोन्ही हातांनी मधोमध ठेवला आणि नकाशावर कोट टांगायचं कपाट पूर्ण झालं.