जुने संगणक नेटवर्कवरून चालवण्यामागची पार्श्वभूमी

डिस्कविना संगणक सुरू करण्याची सोय जुनीच. यंत्राला नेटवर्कचा पत्ता आणि बूट फाइलचं नाव देणारं बूटपी १९८५ मध्ये आलं, ती फाइल आणून देणारं टीएफटीपी त्याच्याही आधीचं. पण साध्या पीसीच्या नेटवर्क कार्डात ही सोय रुळली ती १९९९ च्या पीएक्सई २.१ या नेटवर्कवरून बूट करण्याच्या मानकानंतर. लिनक्सवरचं एलटीएसपी हे सॉफ्टवेअरही त्याच वर्षीचं. त्यात सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचे, समोरच्या यंत्राने फक्त पडदा दाखवायचा आणि कळफलक-माउस पोचवायचा. ६४ एमबी रॅमचा पेंटियम त्यावर निभावून जायचा.

दापोली-गुहागरपासून देवगड-मालवणपर्यंतच्या शाळांना ही पद्धत सोयीची आहे. पावसाळ्यात वीज अचानक जाते आणि चालू डिस्कची फाइल सिस्टिम बिघडते. डिस्कच नसेल तर एका सर्व्हरला यूपीएस दिला की भागतं. खाऱ्या, दमट हवेने रॅमच्या कडेचे संपर्क मात्र काळवंडतात. खोडरबराने पुसून पुन्हा बसवावे लागतात. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) कुठून बूट करायचं तो क्रम विसरतं आणि यंत्र नसलेली डिस्क शोधत बसतं. म्हणून सेल मे महिन्यातच बदलून घ्यावेत.

खरा वाद २०१९ चा. त्या वर्षी एलटीएसपी मुळापासून नव्याने लिहिलं गेलं आणि सगळं सर्व्हरवर चालवणारा जुना थिन क्लायंट प्रकार वगळला गेला. आता यंत्र स्क्वॉशएफएस इमेज (सगळ्या प्रणालीची दाबून बसवलेली एकच फाइल) नेटवर्कवरून वाचतं, पण प्रोग्रॅम स्वतःच्याच प्रोसेसरवर आणि रॅममध्ये चालवतं. यामागचं गणित चुकीचं नव्हतं. ब्राउझरमधली ६४० बाय ३६० ची व्हिडिओची चौकट घ्या: १६ बिट रंग, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे साधारण ९२ मेगाबिट. १०० मेगाबिटची तार एकाच मुलाच्या व्हिडिओने भरते. सर्व्हरची गिगाबिट तार दहा जणांत संपते. त्यात एलटीएसपीच्या पाचव्या आवृत्तीपासून पडद्याची सगळी वाहतूक एसएसएच या कूटबद्ध जोडणीतून जायची, आणि ते कूटलेखन उलगडण्यातच जुना प्रोसेसर दमायचा. हे कूटलेखन टाळणारी एलडीएम_डायरेक्टएक्स ही सेटिंग चालू केली की वेग सुधारायचा, पण पडद्यावरचा मजकूर तारेतून उघडा जायचा.

तरीही हा निर्णय खेड्यातल्या शाळांना महागात पडला असंच म्हणावं लागेल. ज्या यंत्रांसाठी हे सगळं सुरू झालं, नेमकी तीच बाहेर राहिली. आजचा ब्राउझर २ जीबी रॅमखाली धापा टाकतो, आणि शाळांकडे येणाऱ्या जुन्या यंत्रांत कितीदा ५१२ एमबीच असते. त्यांच्यासाठी वाट उरते ती सर्व्हरवर एक्सआरडीपी (पडदा दूरवर पाठवणारा प्रोग्रॅम) आणि यंत्रावर फक्त एक्सफ्रीआरडीपी (तो दाखवणारा) ठेवण्याची. टंकलेखन, स्प्रेडशीट त्यावर नीट चालतं. व्हिडिओची अपेक्षा ठेवू नये.

मांडणी मात्र नव्या आवृत्तीत खूपच सोपी झाली. शाळेच्या ब्रॉडबँड राउटरमध्ये डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचा पत्ता देणारी सेवा) आधीच चालू असतं आणि त्यात बूट फाइलचं नाव भरायची जागा बहुधा नसते. सर्व्हरवरचं डीएनएसमास्क प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालतं, म्हणजे पत्ता राउटर देतो आणि बूट फाइलचं नाव ते देतं, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. पुढे आयपीएक्सई हा बूट प्रोग्रॅम लोड होतो आणि त्याचा मेनू येतो. कार्डात पीएक्सई नसेल तर आयपीएक्सई पेनड्राइव्हवरून उठवता येतं. अडलं तर पडद्यावरचा क्रमांक वाचावा. ई६१: केबल निघाली, किंवा गडगडाटात स्विचचं पोर्ट जळलं. ई५१: डीएचसीपीचं उत्तरच नाही, मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर स्पॅनिंग ट्रीमुळे (तारांचं वेटोळं टाळणारी तपासणी) पोर्ट उशिरा उघडतं, तिथे ही वाट टाळणारी पोर्टफास्ट सेटिंग लावावी. ई५३: पत्ता मिळाला, फाइलचं नाव नाही; म्हणजे प्रॉक्सी बंद आहे. ई३२: टीएफटीपी उत्तर देत नाही; यूडीपी ६९ फायरवॉलमध्ये अडकलेलं असतं.

३२ बिटच्या यंत्रांसाठी सर्व्हरवर वेगळी इमेज लागते, आणि ती डेबियन लिनक्स १२ चीच बनवावी. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी कर्नलच (प्रणालीचा गाभा) नाही.