स्वतःलाच पाठवलेलं पाकीट आणि लेखकाचा हक्क

‘आपली कथा रजिस्टर पोस्टाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा, पाकीट फोडू नका, झाला कॉपीराइट.’ हा निरोप लिहिणाऱ्यांमध्ये कित्येक वर्षं फिरतो आहे. नौपाड्यातल्या एका लेखिकेने मला कपाटातलं असं पाकीट दाखवलं. कडा पिवळ्या पडलेल्या, शिक्का अर्धा पुसलेला. काळजीपोटी जपलेलं, आणि ती काळजी अगदी रास्त आहे.

पण हक्क पाकिटातून येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ लेखन कागदावर किंवा मोबाइलवर उतरलं की हक्क आपोआप निर्माण होतो. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. केली, तर वादात ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. पाकिटाला कायद्याने असा दर्जा दिलेला नाही. शिवाय उघडं पाकीट पाठवून ते नंतरही चिकटवता येतं. त्यापेक्षा जुने खर्डे आणि संपादकाला केलेले ईमेल जपा.

मला जास्त भीती वाटते ती मानधनाच्या कागदावर न वाचता केलेल्या सहीची. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच होतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं, तर पेन खाली ठेवा आणि विचारा.

कायद्याचा मजकूर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. १३, १७, १९, २२ आणि ४८ ही कलमं ठाणे-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये वाचून होतात.