वेक टर्ब्युलन्स (विमान उतरतानाचा)

उडत्या विमानाच्या दोन्ही पंखांमागे हवेचे भोवरे सुटतात. त्यांत मागचे विमान सापडले की जो हिसका बसतो, त्याला वैमानिक आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) वेक टर्ब्युलन्स म्हणतात. हा इंजिनाच्या झोताचा प्रताप, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. इंजिन नसलेले ग्लायडरही भोवरे सोडते, कारण त्यांचे मूळ पंखाच्या उचलीत आहे. पंखाखाली दाब जास्त आणि वर कमी असल्याने टोकाशी खालची हवा वर वळते आणि तिला पीळ पडतो. मागून पाहिले तर डावा भोवरा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, उजवा उलटा. दोहोंच्या मधली हवा खाली ढकलली जाते. उड्डाणात नाक उचलताच हे सुरू होते आणि चाके टेकून पंखावरचा भार उतरला की थांबते.

विमान जितके जड, संथ आणि आखूड पंखांचे, तितका भोवरा जोरकस. म्हणून जागतिक नियमांत कमाल उड्डाण वजनानुसार वर्ग पाडले आहेत : ७,००० किलोपर्यंत लाइट, १,३६,००० किलो किंवा अधिक असेल तर हेवी, मधले सगळे मीडियम, एअरबस ए३८० साठी ‘सुपर’ हा स्वतंत्र वर्ग. रडारवर हेवीमागे हेवी असेल तर ४ सागरी मैल, मीडियम असेल तर ५, लाइट असेल तर ६ मैल अंतर ठेवतात. मुंबईत हेवी वर्गातल्या बोइंग ७७७ च्या मागून मीडियम वर्गातले एअरबस ए३२० उतरताना हाच ५ मैलांचा हिशेब लागतो. पुढे ए३८० असेल तर ७ मैल. हेवी विमानाचा वैमानिक रेडिओवर पहिल्या संपर्कात कॉलसाइनला (विमानाच्या रेडिओवरील नावाला) ‘हेवी’ जोडतो, तोही यासाठीच.

अंतराइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची असते उंची. भोवरे जागीच राहत नाहीत. मिनिटाला काहीशे फूट खाली बसत जातात आणि हळूहळू विरतात. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (उतरण्याच्या ठरलेल्या तिरक्या रेषेवर) दर सागरी मैलाला सुमारे ३२० फूट उतार असतो. मागचे विमान त्याच रेषेवर किंवा किंचित वर असेल, तर पुढच्याचे भोवरे बहुतेक वेळा त्याच्या खालून जातात. रेषेखाली घसरलेले विमान मात्र नेमके त्यांत शिरते.

१९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बिलिंग्स येथे एक सेसना सायटेशन आणि वर्षभराने सँटा ॲना येथे एक वेस्टविंड, अशी दोन छोटी जेट विमाने उतरताना बोइंग ७५७ च्या मागे कोसळली. एकूण १३ माणसे दगावली. दोन्ही वेळा अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) नजरेने चालला होता. पुढचे विमान दिसते आहे असे वैमानिकाने कळवले, की अंतर राखण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आणि डोळ्यांना अंतर कसेबसे समजते, पुढच्याची वाट आपल्या वर आहे की खाली हे जवळपास समजतच नाही. सँटा ॲनाचे विमान सुमारे दोन मैल मागे आणि ७५७ च्या वाटेच्या बरेच खाली होते. वजनाने ७५७ हेवीत बसत नव्हते, पण त्याचे भोवरे वर्गाच्या मानाने दांडगे. १९९४ पासून अमेरिकेने त्याच्यामागचे अंतर वाढवले.

जमिनीजवळ गणित बदलते. साधारण १०० ते २०० फुटांवर भोवरे आणखी खाली जाऊ शकत नाहीत. ते २-३ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने एकमेकांपासून बाजूला सरकतात. आडवा वारा नेमका तेवढाच असेल तर वाऱ्याकडचा भोवरा धावपट्टीवरच ठाण मांडून बसतो. पाठीमागून तिरका, मंद वारा सर्वांत वाईट : तो भोवऱ्याला टचडाउनच्या (चाके टेकण्याच्या) पट्ट्याकडे ढकलतो. जोरदार, खळबळीचा वारा प्रवाशांना नकोसा वाटतो, पण भोवरे मोडायला तोच बरा.

भोवऱ्यात तिरके शिरताना विमान आधी एका बाजूला थोडे कलते आणि लगेच दुसऱ्या बाजूला जोरात. पहिल्या झुकावाला घाईने दिलेला उलटा एलरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) दुसऱ्यात भर घालतो. म्हणून मोठ्या विमानांत सल्ला असा, की पाय रडरवर (शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या पेडलांवर) चालवू नयेत, हिसका ओसरू द्यावा, मग पंख समतल करावेत. उंची कमी असेल तर सरळ गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे. १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ यूएसएअर कंपनीचे बोइंग ७३७ पडले, १३२ मृत्यू झाले. सुरुवात पुढच्या एका बोइंग ७२७ च्या भोवऱ्याने झाली, पण विमान पाडले ते रडरच्या बिघाडाने. लहान विमानाने पुढचे जड विमान कुठे टेकले ते पाहून त्याच्या पुढे टेकावे, अर्थात पट्टी पुरत असेल तर.

मैलांत मोजलेल्या अंतराची एक अडचण आहे. जमिनीसापेक्ष वेग १४० नॉट असताना ५ मैल सव्वादोन मिनिटांहून कमी वेळात संपतात; समोरून ३० नॉट वारा आला की त्यालाच पावणेतीन मिनिटे लागतात आणि धावपट्टी रिकामी राहते. त्यामुळे लंडनच्या हीथ्रोवर २०१५ पासून मैलांऐवजी वेळेवर आधारलेले अंतर वापरतात. युरोपात चारऐवजी सहा वर्गांची पद्धतही रुळली आहे. हीथ्रोच्या आसपासच्या घरांची कौलेही हे भोवरे उचकटतात. ती पक्की बसवून देण्याची योजना विमानतळच चालवतो.